बारा तुकड्यांचा ताफा: अंतराळयुद्धाच्या खेळात विमानं, गर्दी आणि मनोधैर्य

हे प्रकरण एका ताफ्याचं आहे. चार स्वस्त, मोठ्या पोटाच्या विमानवाहू नौका, प्रत्येकीत लढाऊ विमानांच्या तीन तुकड्या, आणि मारा करण्यासाठी एकही तोफ नाही. डिचोलीच्या आमच्या मित्राने हा ताफा आमच्या टेबलावरच्या मोहिमेत, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या लढायांच्या मालिकेत, उतरवला. समोरच्याच्या तोफा पल्ल्यात येण्याआधीच त्याची दोन सर्वांत मोठी जहाजं संपली होती. एकही नियम मोडला गेला नव्हता, ताफ्याची किंमत ज्यांत मोजतात त्या पॉइंटांची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी होती. तरी टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला दिसत होतं की पुढच्या वेळी एक तर सगळ्यांनी हाच ताफा आणायचा, नाही तर यायचंच नाही.

आम्ही सहा जण फोंड्यात एका जुन्या कौलारू घराच्या ओसरीवर खेळतो, मुख्यतः पावसाळ्यात. कोणी डिचोलीहून येतो, कोणी म्हापशाहून, एक काका वास्कोहून येतात. त्यांची नोकरी नौदलात विमानांच्या देखभालीत गेली. टेबलावर काळं कापड, थ्रीडी प्रिंटरवर काढलेली जहाजं, आणि विमानांच्या जागी रंगवलेले चिंचोके. एका तुकडीत सहा चिंचोके. बारा तुकड्यांचे बहात्तर चिंचोके त्या कापडावर मांडले गेले, तेव्हाच कोणीतरी म्हणालं, "हे काय खरं नाही रे."

आमचे नियम फुल थ्रस्टच्या घराण्यातले आहेत. जॉन टफ्ली यांचा हा खेळ १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आला. छोट्या जहाजांची लढाई एका संध्याकाळी पूर्ण व्हावी इतका तो सुटसुटीत आहे, म्हणूनच जगभर अनेक गट त्यात आपापली भर घालतात. आम्हीही घातली. तेव्हा पुढचे आकडे आमच्या टेबलाचे समजावेत.

जहाजावर विमानांपासून बचाव करणाऱ्या छोट्या तोफा असतात. प्रत्येक बचावतोफेचा एक फासा. १ ते ३ पडले तर काही नाही, ४ किंवा ५ला एक विमान पडतं, ६ला दोन पडतात आणि फासा पुन्हा टाकायचा. सरासरी काढली तर एक तोफ एका टर्नला, म्हणजे खेळाच्या एका पाळीत, ०.८ विमान पाडते. जी विमानं वाचतात त्यांचाही प्रत्येकी एक फासा, तोच तक्ता, फक्त विमानाऐवजी जहाजाच्या हलची, म्हणजे सांगाड्याची ताकद दाखवणारी, घरं जातात. म्हणजे प्रत्येक वाचलेलं विमान सरासरी ०.८ घर खातं.

आता तीन बचावतोफांचं एक मध्यम जहाज घ्या. त्याच्यावर एकच तुकडी गेली तर सहांतली २.४ विमानं पडतात, ३.६ उरतात, २.९ घरांचं नुकसान होतं. त्याच जहाजावर एकाच टर्नला सहा तुकड्या गेल्या तर? पडतात पुन्हा २.४च, कारण तोफा तीनच आहेत. छत्तीसांतली ३३.६ उरतात आणि २६.९ घरं जातात. विमानं सहापट, नुकसान नऊपटीहून जास्त. शिवाय एकट्या तुकडीने पहिल्याच फेरीत आपली चाळीस टक्के विमानं गमावली, झुंडीने सात टक्केही नाही. एकटी तुकडी दुसऱ्या फेरीत जवळपास संपते. झुंडीला दुसरी फेरी लागतच नाही, समोर जहाज उरलेलं नसतं.

सगळं प्रकरण या वजाबाकीत आहे. हल्ल्यातून बचाव वजा करायचा आणि जे उरेल तेवढं नुकसान. बचाव ठरावीक असेल तर पहिल्या काही विमानांची किंमत जवळजवळ शून्य होते आणि त्यानंतरचं प्रत्येक विमान पुरेपूर वसूल होतं. अमेरिकी नौदलातले कॅप्टन वेन ह्यूज यांनी क्षेपणास्त्रांच्या लढाईसाठी जे सॅल्व्हो समीकरण मांडलं, त्याचा गाभाही हीच वजाबाकी आहे. म्हणून आमचा डिचोलीकर काही चलाखी करत होता असं मी मानत नाही. त्याने नियम प्रामाणिकपणे वाचले आणि त्यांतलं गणित टेबलावर मांडून दाखवलं. असा खेळाडू गटात असणं हे भाग्य समजावं. मोहीम अर्धी झाल्यावर नव्हे, सुरुवातीलाच त्याने नियमाची भेग दाखवली.

इतिहासात या गणिताची दोन्ही टोकं सापडतात. ७ एप्रिल १९४५ रोजी यामातो ही जपानी युद्धनौका बुडाली तेव्हा तिच्यावर आणि तिच्या सोबतच्या जहाजांवर चारशेच्या घरात अमेरिकी विमानं चालून गेली होती. त्यांतली पडली फक्त दहा. उलट ४ जून १९४२ला मिडवेच्या लढाईत हॉर्नेट या अमेरिकी विमानवाहू नौकेवरून उडालेली आठवी टॉर्पेडो स्क्वॉड्रन एकटीच जपानी ताफ्यावर पोचली. तिची पंधराच्या पंधरा विमानं, मुख्यतः जपानी झीरो लढाऊ विमानांनी, पाडली. त्या तीस जणांतला एकच वाचला, एन्साइन जॉर्ज गे. तेव्हा गर्दीने फायदा होतो, हे आमच्या नियमात बरोबरच होतं. बिघाड दुसरीकडे होता. अशी गर्दी जमवायला आमच्या खेळात काहीच खर्च येत नव्हता.

पहिली सूचना आली ती अर्थातच भाव वाढवण्याची. तुकडीची किंमत दुप्पट करा. दुप्पट भावात त्याच पॉइंटांत सहाऐवजी तीन तुकड्या येतात. तीन तुकड्यांची अठरा विमानं, वजा २.४, उरली १५.६. एकट्या तुकडीच्या तुलनेत अजूनही चौपटीहून जास्त. झुंडीचा फायदा थोडा बोथट झाला, पण ज्या बिचाऱ्याने आपल्या क्रूझरवर टेहळणीपुरती एक तुकडी ठेवली होती, त्याचं कंबरडं मोडलं. भाव प्रत्येक तुकडीला सारखाच लागतो. पहिल्या तुकडीची किंमत आणि सहावीची किंमत वेगळी आहे, हे भावाला कळू शकत नाही. यावर आम्ही खूप वेळ घालवला. पॉइंटांचा तक्ता बदलला की प्रश्न सुटेल, हा विश्वास या छंदात फार खोल रुजलेला आहे, तो सहजी सुटत नाही.

दुसरी सूचना म्हणजे मर्यादा. एका ताफ्यात चारपेक्षा जास्त तुकड्या नाहीत. हे चालतं, नाही असं नाही. पण मग विमानवाहू नौकांचा ताफा हा प्रकारच खेळातून जातो. मला तो हवा आहे.

तिसरी सूचना म्हापशाच्या मैत्रिणीची, आणि ती विचार करण्यासारखी होती. बचावतोफेने एकाच तुकडीवर मारा करायचा ही अट काढा. हल्ला करणाऱ्या प्रत्येक तुकडीवर प्रत्येक तोफ एकदा फासा टाकेल. मग तीन तोफांसमोर प्रत्येक तुकडी २.४ विमानं गमावते, सहा तुकड्या १४.४ गमावतात, उरलेली २१.६ विमानं १७.३ घरं खातात. प्रमाण अगदी सरळ, सहापट विमानांना सहापट नुकसान. कागदावर हे फार सुंदर दिसतं. खेळून पाहिलं तर कडा, म्हणजे जिथे एका बाजूचं गणित एकदम कोसळतं ती जागा, फक्त दुसरीकडे सरकलेला होता. सहा-सात बचावतोफांच्या जहाजासमोर कितीही तुकड्या आणा, प्रत्येक तुकडी जवळजवळ पुसली जाते. मग सगळ्यांनी तोफा वाढवल्या आणि विमानं टेबलावरून नाहीशी झाली. वर फाशांचा ढीग वेगळाच. एका हल्ल्याचे फासे मोजता मोजता चहा निवायचा.

इथवर मनोधैर्याच्या नियमाकडे कोणी पाहिलंच नव्हतं, कारण तो आधीपासून होता आणि सगळ्यांना आवडत होता. नियम असा: तुकडीने विमानं गमावली असतील तर हल्ल्याआधी एक फासा टाकायचा. शिल्लक विमानांच्या आकड्याइतका किंवा कमी पडला तर तुकडी हल्ला करते, जास्त पडला तर सोडून देते. सहांतली तीन उरली असतील तर निम्मी शक्यता. हा फासा आमच्याकडे बचावतोफांच्या माऱ्यानंतर पडायचा.

आता हा नियम त्या वजाबाकीशेजारी ठेवून पाहा. एकट्या तुकडीकडे सरासरी ३.६ विमानं उरतात, म्हणजे दहांत चार वेळा ती हल्ला न करताच परत फिरते. झुंडीत बचावतोफा एकाच तुकडीवर रोखल्या तर सहांतल्या एकीला फासा टाकावा लागतो. बाकी पाच जणींना ओरखडाही नाही, त्यामुळे परीक्षाही नाही. म्हणजे जो दुबळा आहे त्याचाच धीर तपासला जातो आणि बलवानाला कोणी विचारतही नाही. भावाने जो फरक मिटला नाही, तो या नियमाने उलट वाढवला होता. आमच्या चर्चेला खरी कलाटणी इथे मिळाली.

हा नियम आणखी एका कारणाने मला पटेनासा झाला. आठव्या टॉर्पेडो स्क्वॉड्रनने पाठ फिरवली नाही. तिचा प्रमुख जॉन वॉल्ड्रन याच्या मागे ती पंधरा विमानं शेवटपर्यंत सरळ जात राहिली. त्या सकाळी जे तुटलं ते होतं संधान. हॉर्नेटवरच्या तुकड्या एकमेकींपासून सुटल्या. तिच्या डाइव्ह बॉम्बर (सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या) विमानांना त्या सकाळी जपानी विमानवाहू नौका सापडल्याच नाहीत. दुसरीकडे एंटरप्राइझ आणि यॉर्कटाउन या अमेरिकी नौकांची डाइव्ह बॉम्बर वेगवेगळ्या दिशांनी आली, पण जवळजवळ एकाच वेळी पोचली, आणि काही मिनिटांत अकागी, कागा आणि सोर्यू या जपानी विमानवाहू नौका पेटल्या. मोठा हल्ला एकत्र ठेवणं हीच सर्वांत कठीण गोष्ट असते. आमच्या टेबलावर ती सर्वांत सोपी होती: चिंचोके उचलायचे आणि जहाजाशेजारी ठेवायचे.

वास्कोच्या काकांनी यात एक भर घातली. दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात आम्ही त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिथे सी हॉक, अलिझे, सी हॅरियर ही विक्रांत-विराटच्या काळातली विमानं उभी आहेत. पंख दुमडलेलं विमान पाहिलं की नौदलाच्या विमानाचा अर्धा जन्म जागेच्या हिशेबात जातो हे लगेच समजतं. मी काकांना विचारलं, "काका, तुम्ही आमच्या जागी असता तर काय बदललं असतं?" ते म्हणाले, "पोटात किती विमानं आहेत ते सोड रे. एका वेळी डेकवरून किती उडतात आणि परत आलेल्यांना उतरायला जागा कधी होते, ते विचार." १९७१च्या डिसेंबरात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. ४ तारखेला तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले. तिचा एक बॉयलर त्या वेळी नादुरुस्त होता. वेग कमी म्हणजे डेकवरचा वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे विमान हवेत उचलणं कठीण. काकांच्या पिढीला हे सगळं तोंडपाठ. आमच्या मित्राची विमानवाहू नौका मात्र एकाच टर्नला आपल्या तिन्ही तुकड्या हवेत सोडत होती.

यातून दोन बदल निघाले. पहिला साधा: एका नौकेवरून एका टर्नला एकच तुकडी उडेल. परतलेल्या तुकडीला उतरायला एक टर्न आणि पुन्हा सज्ज व्हायला दोन टर्न लागतील. तुकडीचं इंधन सहा टर्नचं. बारा तुकड्या जमवायच्या तर तीन टर्न लागतात, आणि आधी उडालेल्या तुकड्या तोवर घिरट्या घालत इंधन जाळतात.

दुसरा बदल मनोधैर्याचा, आणि माझं मन त्यात जास्त गुंतलं आहे. फासा आता बचावतोफांच्या माऱ्याआधी पडतो, आणि प्रत्येक तुकडीचा पडतो. खेळाडू एका जहाजावर जाणाऱ्या तुकड्यांचा क्रम जाहीर करतो. तुकडीतल्या विमानांच्या संख्येतून तिच्या पुढे रांगेत किती तुकड्या आहेत ते वजा करायचं. फासा तेवढा किंवा कमी पडला तर ती आत शिरते. नाही पडला तर ती मोडत नाही, पळतही नाही. ती त्या टर्नला बाहेरच फिरत राहते, इंधनाचा एक टर्न जातो, पुढच्या टर्नला पुन्हा प्रयत्न करते.

पूर्ण ताकदीची पहिली तुकडी नेहमीच आत जाते. दुसरी सहांत पाच वेळा, तिसरी सहांत चार, असं करत सहावी सहांत एकदाच. सातवीला त्या टर्नला त्या जहाजावर दारच बंद. सहा तुकड्या पाठवल्या तर सरासरी साडेतीन आत शिरतात: एकवीस विमानं, वजा २.४, उरली १८.६, नुकसान १४.९ घरं. एकट्या तुकडीच्या पाचपटीपेक्षा थोडं जास्त. तीन तुकड्या पाठवल्या तर साडेतीनपट, चार पाठवल्या तर सव्वाचारपटीच्या वर. म्हणजे दोन ते चार तुकड्यांपर्यंत एकत्र येण्याचा फायदा शिल्लक राहतो, आणि त्यापुढे तो हळूहळू ओसरतो. मला हवा होता तो आकार हाच. कुठेही कडा नाही, कुठेही मनाई नाही, आणि पॉइंटांचा तक्ता जुनाच.

पोचलेल्या झुंडीचं या नियमाने लाटांमध्ये रूपांतर होतं. बाहेर राहिलेल्या तुकड्या पुढच्या टर्नला येतात तेव्हा बचावतोफांना दुसऱ्यांदा मारा करायला मिळतो, जहाजाला वळायला एक टर्न मिळतो, शेजारचं जहाज मदतीला सरकू शकतं. समोरच्या खेळाडूला काहीतरी करता येतं. आधी तो फक्त घरं खोडत बसायचा.

डिचोलीकर तोच ताफा घेऊन पुन्हा आला. आम्हीच त्याला तशी विनंती केली होती. पहिल्याच हल्ल्यात त्याच्या तीन तुकड्या आत गेल्या, तीन बाहेर राहिल्या, आणि लक्ष्य झालेलं जहाज धुमसत का होईना, टिकलं. मग त्याने पद्धत बदलली. एका जहाजावर सहा पाठवण्याऐवजी तीन जहाजांवर दोन-दोन. दोन तुकड्यांची सरासरी अकरा विमानं आत जातात, ८.६ वाचतात, ६.९ घरं खातात. तीन जहाजं मिळून वीसच्या वर. एकूण नुकसान जास्त, पण एकही जहाज बुडत नाही. आमच्या खेळात हलची एक ओळ संपली की प्रत्येक यंत्रणेसाठी फासा पडतो, म्हणून तीन जखमी जहाजं म्हणजे कुणाचं इंजिन गेलं, कुणाची तोफ गेली. पण एक बुडालेलं जहाज म्हणजे त्याच्या सगळ्या तोफा कायमच्या गप्प. यांतलं काय निवडायचं याचा विचार करत तो बराच वेळ टेबलाकडे पाहत बसला. विमानांच्या खेळात असा विचार करायची वेळ यावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

काकांचा एक आग्रह होता, तो आम्ही मानला. ते म्हणाले, "काही माणसं फासा बघत नाहीत. त्यांच्यासाठी जागा ठेवा." म्हणून कोणतीही तुकडी प्राणपणाचा हल्ला जाहीर करू शकते. मग तिला धैर्याचा फासा नाही, रांगेचं ओझं नाही. पण तिच्यावर बचावतोफांना ४ऐवजी ३लाच विमान मिळतं, म्हणजे एका तोफेमागे सरासरी ०.८ऐवजी पूर्ण एक विमान. आणि उरलेली विमानं त्या लढाईत पुन्हा वापरता येत नाहीत. हा पर्याय क्वचितच वापरला जातो. वापरला जातो तेव्हा खुर्चीत रेललेले सगळे पुढे सरकतात.

जहाजांच्या मनोधैर्याचं काय, असं म्हापशाची मैत्रीण विचारते. निम्मं हल गेलेल्या जहाजाने शरण जावं की नाही, याचा नियम आम्ही लिहिला होता, पण मोहिमेत त्याची गरज पडत नाही. जहाज गमावलं तर पुढच्या लढाईत ते नसतं, त्यामुळे खेळाडू स्वतःच वेळेवर माघार घेतात. एका संध्याकाळच्या सुट्या लढाईत मात्र तो हवा, कारण तिथे शेवटच्या जहाजापर्यंत लढण्यात कुणाचं काही जात नाही.

नियमाचा एक कच्चा भाग अजून आहे: बचावासाठी हवेत ठेवलेली विमानं. मिडवेला टॉर्पेडो विमानं पाडली ती मुख्यतः झीरोंनी, आणि आमच्या टेबलावर बचावाची तुकडी हल्लेखोर तुकडीशी एकास एक झुंजते, बाकीच्या तिला वळसा घालून निघून जातात. बचावाची प्रत्येक तुकडी हल्लेखोरांच्या रांगेत एक जागा अडवेल, असा प्रस्ताव डिचोलीकराचाच आहे. म्हणजे जहाजावर एक तुकडी पहारा देत असेल तर पहिल्या हल्लेखोराचाही आकडा सहाऐवजी पाच. दोन पहाऱ्याला असतील तर चार. हिशेब करून पाहिला: दोन पहारेकरी तुकड्यांसमोर सहा हल्लेखोर पाठवले तर सरासरी पावणेदोनच्या आसपासच आत शिरतात. हे बचावाला फार झुकतं माप वाटतं. म्हणून त्याच्यापुरती अशी अट ठेवून पाहणार आहोत की पहाऱ्याची तुकडीही दर टर्नला इंधन जाळेल आणि तिला रोखण्यासाठी हल्लेखोर आपली एक तुकडी खर्ची घालू शकेल. पुढची लढाई याच अटीवर ठरली आहे, आणि त्यात विमानवाहू नौका या वेळी माझ्याकडे आहेत.